मोलाचा हिशेब : संयुगाचे मोलर वस्तुमान कसे काढावे?

दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेकडे वळणारी मुले-मुली आता मेहकर, लोणार, चिखली भागातील वाड्या-वस्त्यांवरूनही येऊ लागली आहेत. त्यातील पुष्कळांच्या घरात विज्ञान शिकणारे हे पहिलेच माणूस असते. शिकवणी लावण्याची ऐपत नसते आणि अडले तर विचारायला घरात कोणी नसते. अकरावीच्या रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले की पहिल्याच प्रकरणात 'मोल' नावाची कल्पना समोर येते. ती समजली नाही तर पुढची निम्मी गणिते अडतात. मग "हा विषय आपल्यासाठी नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढून एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विज्ञानच सोडून देते. एका प्रकरणापायी एका पिढीची वाट बदलते, हे नुकसान लहान नाही.

वास्तविक या हिशेबाला गुणाकार, बेरीज आणि भागाकार यापलीकडे काहीही लागत नाही. पाचवीच्या मुलाला येणारे हे गणित आहे. मात्र ते कशासाठी करायचे हे आधी समजले पाहिजे. म्हणून या लेखात आपल्याच परिसरातील उदाहरणे घेतली आहेत. लोणारच्या सरोवरातील क्षार, कृषी सेवा केंद्रातील खताची पिशवी आणि आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीचे पाकीट ही ती उदाहरणे होत. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन वाचावे आणि पालकांनीही वाचावे, कारण खताच्या पिशवीचा हिशेब त्यांच्याही उपयोगाचा आहे.

मोजता येत नाही म्हणून तोलायचे

बाजारात केळी डझनाने, कडब्याच्या पेंढ्या शेकड्याने आणि धान्य क्विंटलने विकले जाते. ज्वारीचे दाणे कोणी मोजत बसत नाही. दाणा इतका लहान आहे की मोजण्यापेक्षा तोलणेच सोयीचे पडते. पण समजा शंभर दाण्यांचे वजन आपल्याला ठाऊक असेल, तर पोत्याचे वजन करून पोत्यात किती दाणे आहेत हे न मोजताही सांगता येईल. बियाण्याच्या पिशवीत अंदाजे किती दाणे आहेत हे जाणकार शेतकरी याच रीतीने काढतो.

अणू-रेणूंच्या बाबतीत हेच करायचे असते. अणू इतका सूक्ष्म आहे की एकेक वेगळा काढून मोजणे व्यवहारात अशक्य. पण रासायनिक क्रिया घडते ती अणू-रेणूंच्या संख्येच्या हिशेबाने. याचे इतके आणि त्याचे तितके, अशी ती जुळणी असते. आपल्या हाती तराजू आहे, निसर्ग मात्र संख्येने व्यवहार करतो. तराजूवरचे ग्रॅम आणि निसर्गाची संख्या यांना जोडणारा पूल म्हणजे मोलर वस्तुमान होय.

जसे १२ नगांचा एक डझन, तसे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतक्या कणांचा एक मोल. म्हणजे ६०२२ हा आकडा लिहून त्यापुढे २० शून्ये द्यायची. इटालियन शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रो यांच्या नावाने ही संख्या ओळखली जाते. ती किती प्रचंड आहे याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहा. १४० कोटी माणसांनी रात्रंदिवस, दर सेकंदाला एक या वेगाने मोजायला सुरुवात केली तरी एक मोल मोजून व्हायला सुमारे १ कोटी ३६ लाख वर्षे लागतील. आणि एवढे रेणू पाण्याचे घेतले तर त्यांचे वजन भरते अवघे १८ ग्रॅम, म्हणजे औषधाच्या साडेतीन चमच्यांहून थोडे अधिक!

पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बनमधील अणूंच्या संख्येवरून केली जात असे. २० मे २०१९ पासून ही संख्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कायमची ठरवून दिलेली आहे. शाळा-महाविद्यालयातील गणितांना त्यामुळे काही फरक पडत नाही. हा 'मोल' शब्द मराठीतील किंमत या अर्थाचा मोल नव्हे. रेणू या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून तो आलेला आहे. पण लक्षात ठेवायला आपला मराठी शब्द बरा पडतो, हेही खरे.

अणुवस्तुमान : हिशेबाचा दरफलक

किराणा दुकानात बिल करण्यापूर्वी प्रत्येक जिनसाचा दर माहीत असावा लागतो. रसायनशास्त्रात तो दरफलक म्हणजे मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने. पूर्णांकात घेतलेली नेहमीची वस्तुमाने अशी :

हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन (नत्र) १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, फॉस्फरस (स्फुरद) ३१, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम (पालाश) ३९, कॅल्शियम ४०, लोह ५६, तांबे ६३.५, जस्त ६५.४.

कार्बन १२ याचा अर्थ असा की एक मोल कार्बन अणूंचे वजन १२ ग्रॅम भरते. एक मोल सोडियमचे २३ ग्रॅम. म्हणून या राशीचे एकक 'ग्रॅम प्रति मोल' असे लिहितात.

क्लोरीनचे ३५.५ पाहून विद्यार्थी गोंधळतात. अर्धा कण कुठून आला? अर्धा कण कुठेही नसतो. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन वजनांचे सापडतात. साधारण चारांतील तीन ३५ वजनाचे आणि एक ३७ वजनाचा. चौघांची बेरीज १४२, तिला चारने भागले की ३५.५. ही सरासरी आहे, एवढेच.

रीत

पाठ्यपुस्तकात संयुगाचे सूत्र रोमन चिन्हांनी लिहिलेले असते. येथे मूलद्रव्याचे नाव आणि अणूंची संख्या अशी मांडणी केली आहे, कारण हिशेबाला तेवढेच लागते. रीत चार पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी : सूत्र अचूक लिहा.
दुसरी पायरी : प्रत्येक मूलद्रव्याचे किती अणू आहेत ते मोजा.
तिसरी पायरी : प्रत्येकाच्या अणुसंख्येला त्याच्या अणुवस्तुमानाने गुणा.
चौथी पायरी : सर्व गुणाकारांची बेरीज करा. तीच मोलर वस्तुमानाची संख्या.

पाणी घ्या. हायड्रोजन २ आणि ऑक्सिजन १. दोन गुणिले १ म्हणजे २, एक गुणिले १६ म्हणजे १६. बेरीज १८. पाण्याचे मोलर वस्तुमान १८ ग्रॅम प्रति मोल.

मीठ घ्या. सोडियम १ आणि क्लोरीन १. तेवीस अधिक ३५.५ म्हणजे ५८.५. मिठात पाण्यासारखे सुटे रेणू नसतात, म्हणून या संख्येला काटेकोरपणे 'सूत्रवस्तुमान' म्हणतात. हिशेबाची रीत मात्र तीच.

खाण्याचा सोडा घ्या. सोडियम १, हायड्रोजन १, कार्बन १, ऑक्सिजन ३. तेवीस, एक, बारा आणि अठ्ठेचाळीस. बेरीज ८४.

धुण्याच्या सोड्यातील मूळ द्रव्य, म्हणजे सोडियम कार्बोनेट घ्या. सोडियम २, कार्बन १, ऑक्सिजन ३. सेहेचाळीस, बारा आणि अठ्ठेचाळीस. बेरीज १०६.

आता कंस असलेले उदाहरण. अमोनियम सल्फेट या खताच्या सूत्रात 'नायट्रोजन १, हायड्रोजन ४' हा गट कंसात असतो आणि कंसाबाहेर २ हा आकडा असतो. त्यापुढे गंधक १ व ऑक्सिजन ४. कंसाबाहेरचा आकडा कंसातील सर्वांना लागू होतो. चौदा अधिक ४ म्हणजे १८, त्याची दुप्पट ३६. त्यात गंधकाचे ३२ आणि ऑक्सिजनचे ६४ मिळवले की १३२. पुष्कळ विद्यार्थी दोनने फक्त हायड्रोजनला गुणतात आणि उत्तर ११८ काढतात. घरातल्या दोन्ही मुलांना वही आणि पेन द्यायचे असेल तर वह्याही दोन लागतात आणि पेनेही दोन, एवढे आठवले की ही चूक होत नाही.

लोणारचा क्षार आणि स्फटिकातले पाणी

आपल्या शेजारच्या तालुक्यातील लोणारचे सरोवर जगप्रसिद्ध आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्याने त्याची सर्वत्र चर्चाही झाली होती. क्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असे तपासणीत आढळले. या पाण्याचा क्षार फार पूर्वीपासून माहीत आहे. अकबराच्या काळातील आईन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे, आणि १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने येथील नोंद केली. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर पांढरे थर जमत. लोक ते गोळा करीत आणि प्रतीप्रमाणे त्यांना दल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे देत. साबण, काच, कापड रंगविणे यांसाठी असा क्षार वापरला जाई. आता हा परिसर अभयारण्य आहे, तेथून काहीही उचलून आणायचे नाही.

या क्षारांत मीठ, सोडियम कार्बोनेट आणि 'ट्रोना' नावाचे खनिज असते. ट्रोनाच्या एका सूत्रात सोडियम कार्बोनेट १, खाण्याचा सोडा १ आणि पाण्याचे रेणू २ असतात. वर काढलेल्या संख्याच वापरा. एकशे सहा, चौऱ्यांशी आणि दोनदा अठरा म्हणजे छत्तीस. बेरीज २२६.

हे जे स्फटिकाच्या रचनेत बांधलेले पाणी आहे त्याला स्फटिकजल म्हणतात. हात लावला तर क्षार कोरडा लागतो, पण पाणी आत असते आणि तराजूवर त्याचे वजन येते. सूत्रात ते बिंदू देऊन पुढे लिहिलेले असते. तो बिंदू गुणाकाराचा नव्हे, 'सोबत' या अर्थाचा आहे. म्हणून पाण्याचे वजन मिळवायचे असते.

आता या आकड्यातून काय निघते ते पाहा. ट्रोना तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शुद्ध सोडा उरतो. दोन मोल ट्रोनापासून तीन मोल सोडियम कार्बोनेट मिळते. दोन मोल ट्रोना म्हणजे ४५२ ग्रॅम, आणि तीन मोल सोडा म्हणजे ३१८ ग्रॅम. फरक १३४ ग्रॅमचा. तो गेला कुठे? एक मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम आणि पाच मोल पाणी ९० ग्रॅम, मिळून बरोबर १३४. जमाखर्च पैशापर्यंत जुळला! म्हणजे १०० किलो शुद्ध ट्रोना भट्टीत घातला तर जास्तीत जास्त ७० किलोच्या आसपास सोडा मिळेल, हे भट्टी पेटवण्यापूर्वीच सांगता येते.

धुण्याच्या सोड्याच्या मोठ्या खड्यांत तर एका सोडियम कार्बोनेटमागे पाण्याचे १० रेणू असतात. एकशे सहा अधिक १८० म्हणजे २८६. यातील सोडा फक्त १०६, म्हणजे शेकडा ३७. बाकीचे ६३ ग्रॅम पाणीच. हे खडे कोरड्या हवेत उघडे राहिले की त्यांतील नऊ रेणू पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी होते. तिचे मोलर वस्तुमान १२४. म्हणजे एक किलो खड्यांची ४३४ ग्रॅम भुकटी होईल, पण कपडे धुण्याची ताकद तेवढीच राहील. वजन घटले म्हणून माल घटला असे नेहमीच नसते, आणि वजन भरले म्हणून माल भरला असेही नसते.

लोणारच्या तळच्या गाळात शास्त्रज्ञांना 'गेलुसाइट' हे खनिज सापडले आहे. सोडियम कार्बोनेट १, कॅल्शियम कार्बोनेट १ आणि पाणी ५ अशी त्याची घडण आहे. एकशे सहा, शंभर आणि नव्वद मिळून २९६. सरोवर खूप आटून पाणी दाट झाले की हे स्फटिक बनतात. त्यांच्या थरांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी या भागात दीर्घकाळ पावसाने ओढ दिली होती, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. दुष्काळाचा इतका जुना दाखला आपल्या जिल्ह्याच्या मातीत स्फटिकांच्या रूपाने जपलेला आहे.

खताच्या पिशवीवरील आकडे

खताच्या पिशवीवर छापलेले टक्के हे मोलर वस्तुमानातूनच येतात. युरिया घ्या. कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. बारा, सोळा, अठ्ठावीस आणि चार मिळून ६०. त्यात नत्र २८. अठ्ठावीस भागिले ६० गुणिले १०० म्हणजे ४६.७ टक्के. पिशवीवर ४६ टक्के छापलेले असते ते यामुळेच. ४५ किलोच्या पिशवीत नत्र भरते २०.७ किलो. कोणी "आमच्या युरियात ६० टक्के नत्र आहे" असे सांगू लागला तर तो खोटे बोलतो, हे प्रयोगशाळेत न जाता कळते. कारण शुद्धातल्या शुद्ध युरियातही ४६.७ च्या वर नत्र असूच शकत नाही.

डीएपीच्या पिशवीवर १८ आणि ४६ असे आकडे असतात. त्यातील ४६ हे प्रत्यक्ष स्फुरद नव्हे. जुन्या पद्धतीनुसार स्फुरद हे त्याच्या ऑक्साइडच्या रूपात सांगितले जाते. त्या ऑक्साइडमध्ये फॉस्फरस २ आणि ऑक्सिजन ५. म्हणजे ६२ अधिक ८०, एकूण १४२. बासष्ट भागिले १४२ केले की ०.४३७ येते. त्याने ४६ ला गुणले की २० टक्के. म्हणजे ५० किलोच्या पिशवीत मूलद्रव्य स्वरूपातील स्फुरद सुमारे १० किलो. शिफारशीही याच ऑक्साइडच्या हिशेबाने दिलेल्या असतात, त्यामुळे शेतकऱ्याची फसवणूक होत नाही. फक्त दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत.

सर्वांत उपयोगाचे उदाहरण झिंक सल्फेटचे. बाजारात ते दोन प्रकारचे मिळते, २१ टक्के जस्ताचे आणि ३३ टक्के जस्ताचे. मूळ द्रव्य एकच असताना हा फरक का? उत्तर स्फटिकजलात आहे. झिंक सल्फेटमध्ये जस्त ६५.४, गंधक ३२ आणि ऑक्सिजनचे ६४, मिळून १६१.४. पहिल्या प्रकारात पाण्याचे सात रेणू, म्हणजे १२६ मिळवायचे. बेरीज २८७.४. त्यात जस्त २२.८ टक्के. दुसऱ्या प्रकारात पाण्याचा एकच रेणू. बेरीज १७९.४. त्यात जस्त ३६.५ टक्के. प्रत्यक्ष मालाची शुद्धता थोडी कमी धरून प्रमाण २१ व ३३ असे ठरवलेले आहे.

आता समजा सोयाबीनसाठी २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो द्यावे असे कृषी अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यातून जमिनीला जस्त मिळेल ५.२५ किलो. दुकानात ३३ टक्क्यांचे असेल तर तेवढ्याच जस्तासाठी ५.२५ भागिले ०.३३, म्हणजे सुमारे १६ किलो पुरे. पंचवीस किलो टाकले तर नऊ किलोचे पैसे नाहक मातीत गेले. उलट, पहिला प्रकार स्वस्त दिसला म्हणून १६ किलोच घेतला तर पिकाला जस्त कमी पडले. म्हणून किमतीची तुलना किलोच्या भावाने न करता जस्ताच्या भावाने करावी. किलोची किंमत भागिले जस्ताचा दशांश, हे सूत्र. उधारीवर खत उचलणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब चार पैशांचा असला तरी ते चार पैसे त्याच्या घामाचे असतात.

जलसंजीवनी : जिथे हिशेबावर जीव तोलला जातो

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. नातेवाइकांनीच पेल्याने पाजायचे. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या पाण्यामागचे तत्त्व असे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने आत शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणून दोहोंचे प्रमाण जुळावे लागते, आणि हे प्रमाण ग्रॅमचे नसून संख्येचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. एकूण २०.५ ग्रॅम. वरवर पाहता ग्लुकोज मिठाच्या पाचपट दिसते. हे प्रमाण जुळलेले कसे म्हणायचे? मोलर वस्तुमानाने भागून पाहू. मोलच्या हजाराव्या भागाला मिलिमोल म्हणतात.

ग्लुकोजमध्ये कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. बहात्तर, बारा आणि शहाण्णव मिळून १८०. तेरा पूर्णांक पाच दशांश ग्रॅम भागिले १८० म्हणजे ७५ मिलिमोल.

मीठ २.६ ग्रॅम भागिले ५८.५ म्हणजे सुमारे ४४.४ मिलिमोल. तेवढेच सोडियम त्यातून मिळाले.

सायट्रेटमध्ये कार्बन ६, हायड्रोजन ५, सोडियम ३, ऑक्सिजन ७ आणि सोबत पाण्याचे २ रेणू. बहात्तर, पाच, एकोणसत्तर, एकशे बारा आणि छत्तीस मिळून २९४. दोन पूर्णांक नऊ दशांश ग्रॅम भागिले २९४ म्हणजे सुमारे ९.९ मिलिमोल. प्रत्येकात सोडियम तीन, म्हणून सोडियम २९.६ मिलिमोल.

सोडियमची बेरीज ४४.४ अधिक २९.६, म्हणजे ७४. अधिकृत आकडा ७५ चा आहे. वजने एका दशांश स्थळापर्यंत घेतल्याने एवढा फरक राहतो. म्हणजे ग्लुकोज ७५ आणि सोडियम ७५. तराजूवर जे पाचास एक दिसत होते, ते मोलच्या हिशेबात बरोबरीस आले! मोलर वस्तुमान कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हास माहीत नाही.

येथेही स्फटिकजलाकडे लक्ष द्यावे लागते. ग्लुकोजचा एक प्रकार पाण्याच्या एका रेणूसह येतो. त्याचे मोलर वस्तुमान १९८. जुन्या सूत्रात कोरडे ग्लुकोज २० ग्रॅम किंवा जलयुक्त ग्लुकोज २२ ग्रॅम, असे दोन आकडे दिलेले असत. वीस भागिले १८० आणि बावीस भागिले १९८, दोन्हींचे उत्तर एकच येते, १११ मिलिमोल.

एक सूचना आवश्यक आहे. हे गणित समजून घेण्यासाठी आहे, घरी तराजू लावून औषध बनविण्यासाठी नाही. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट मिसळावे. अर्धे पाकीट अंदाजे पाण्यात टाकले किंवा एक लिटरचे पाकीट एका पेल्यात ढवळले तर हा सारा जमाखर्च बिघडतो आणि लहान बाळाला अपाय होऊ शकतो. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाला जलसंजीवनी सुरू करून दवाखान्यात न्यावे.

नेहमी होणाऱ्या चुका

१. सूत्रच चुकीचे लिहिणे. सूत्र चुकले की पुढचे अचूक गणितही वाया जाते. म्हणून संयुजा आणि मूलकांची नावे आधी पाठ असावीत.
२. कंसाबाहेरचा आकडा कंसातील एकाच अणूला लावणे.
३. स्फटिकजल विसरणे, किंवा त्याची बेरीज करण्याऐवजी गुणाकार करणे.
४. अणुअंक आणि अणुवस्तुमान यांची अदलाबदल करणे. सोडियमचा अणुअंक ११ आहे, वस्तुमान २३.
५. 'ऑक्सिजन वायू' असे विचारले असता १६ लिहिणे. वायूच्या रेणूत दोन अणू असतात, म्हणून ३२.
६. एकक न लिहिणे. नुसते १०६ म्हणजे काय? रुपये की किलो? 'ग्रॅम प्रति मोल' लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

स्वाध्याय

विद्यार्थी मित्रांनो, खालील गणिते उत्तरे झाकून सोडवा.

१. चुनखडी : कॅल्शियम १, कार्बन १, ऑक्सिजन ३.
२. साखर : कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११.
३. चुन्याच्या निवळीतील द्रव्य : कॅल्शियम १, आणि 'ऑक्सिजन १, हायड्रोजन १' हा गट दोनदा.
४. मोरचूद : तांबे १, गंधक १, ऑक्सिजन ४, सोबत पाण्याचे ५ रेणू. त्यात तांबे शेकडा किती?
५. हिराकस : लोह १, गंधक १, ऑक्सिजन ४, सोबत पाण्याचे ७ रेणू. गोळीतून ६० मिलिग्रॅम लोह द्यायचे असेल तर हिराकस किती लागेल?

उत्तरे : १) १००. २) ३४२. ३) ७४. ४) २४९.५, तांबे सुमारे २५.५ टक्के. ५) २७८, हिराकस सुमारे २९८ मिलिग्रॅम.

पाचही उत्तरे जुळली तर हे प्रकरण तुमचे झाले असे समजा. एखादे चुकले तर वरची चुकांची यादी पुन्हा पाहा, चूक तेथेच सापडेल.

पालकांना एकच विनंती. मुलाला किंवा मुलीला घरातील खताची रिकामी पिशवी, औषधाचे पाकीट, मिठाची पुडी वाचायला सांगा आणि त्यावरील आकडा कसा आला असेल ते विचारा. तुम्हाला उत्तर माहीत नसले तरी चालेल, प्रश्न विचारला गेला पाहिजे. गावातील अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलांनी नववी-दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास हा हिशेब शिकवला तर शिकवणाऱ्याचाही पाया पक्का होतो आणि शिकणाऱ्याची भीतीही जाते. खडू, फळा आणि तेरा मूलद्रव्यांचा तो दरफलक, एवढे साहित्य पुरेसे आहे.